‘गाडी जुनी झालीय’ म्हणत माझे १५,७५० रुपये काढले

माझी वॅगनआर २०१० ची. मे महिन्यात आईला घेऊन पुण्याहून कोल्हापूरला लग्नाला निघालो होतो. खंबाटकी घाटात ट्रकांच्या मागे अडकलो आणि टेम्परेचरचा काटा चढला. रांग हलली की काटा खाली यायचा, थांबली की वर. घाट उतरून रस्त्याकडेला दिसलेल्या पहिल्या गॅरेजात गाडी घातली.

तिथल्या मेकॅनिकनं ओलं गोणपाट टाकून गरम रेडिएटरचं झाकण उघडलं. तांबडं पाणी उसळलं. "साहेब, गाडी जुनी झालीय. रेडिएटर, वॉटर पंप, थर्मोस्टॅट, पाइप, सगळं एकदम बदला. हेड गॅस्केट, म्हणजे इंजिनातलं सील, उडालं तर चाळीस हजाराला बसाल." वर्षभर कूलंटऐवजी मीच नळाचं पाणी ओतत होतो, त्यामुळे तो गंज बघून माझी बोलतीच बंद झाली. (तुम्हीही ओतत असाल तर आजच थांबवा.)

रेडिएटर ५,८००, पंप २,९५०, थर्मोस्टॅट १,४५०, पाइप १,७००, कूलंट १,३५०, मजुरी २,५००. वहीच्या कागदावर आकडे लिहून दिले, पक्कं बिल नाही. दहा हजार मी यूपीआयनं दिले, तेही पाटीवरच्या नावाला नाही, भलत्याच नावाच्या खात्यात. उरलेले ५,७५० आईनं आहेराच्या पाकिटातून काढले.

"चहा घेऊन या," म्हणाला आणि आम्ही गेलो. पन्नास मिनिटांत गाडी तयार! उकळतं इंजिन हात लावण्याइतकं निवायलाच अर्धा तास लागतो, मग पंप आणि रेडिएटर कधी बदलले? हे मला तेव्हा सुचायला हवं होतं. मी बॉनेटमध्ये वाकून पाहिलं, रेडिएटरला बोट लावलं, बोटाला काळा रंग लागला. ओला रंग! मी तो ग्रीस समजून रुमालाला पुसला. जुने पार्ट मागितले तर "भंगारवाला आत्ताच घेऊन गेला." मागे एकाहत्तर वर्षांची, शुगर असलेली आई उन्हात बसलेली, मुहूर्त साडेसहाचा. माझ्या जागी तुम्ही काय केलं असतं?

पुढे हायवेला काटा पूर्वीपेक्षाही खाली राहिला. काम झकास झालं असं वाटलं. सहा दिवसांनी पुण्यात स्वारगेटच्या सिग्नलला काटा पुन्हा लाल रेषेवर. नेहमीच्या मेकॅनिकनं उघडून दाखवलं. थर्मोस्टॅट (इंजिन तापेपर्यंत पाणी अडवणारी झडप) काढूनच टाकलेला, त्याची जागा रिकामी. पाणी न अडता फिरत होतं, हायवेला काटा खाली राहिला तो म्हणून. रेडिएटर जुनाच, वरून रंगवलेला. पंप मूळचाच, त्याच्या बोल्टांवर पंधरा वर्षांची धूळ. कूलंट म्हणजे हिरवं पाणी. नवीन फक्त वरचा एक पाइप. खरा बिघाड रेडिएटरच्या फॅनच्या रिलेचा (फॅन चालू करणाऱ्या छोट्या स्विचचा) होता, ३८० रुपयांचा. गाडी उभी राहिली की गरम आणि चालली की थंड, तर आधी फॅन फिरतो का ते बघा. हे लक्षण मी घाटात डोळ्यांनी पाहिलं होतं!

आणि वय झालं म्हणून सगळं एकदम बदलायचं नसतं. कूलंट दोन-तीन वर्षांनी, डिस्टिल्ड वॉटर मिसळून. पाइप थंड असताना दाबून बघा, पिचपिचीत किंवा कडक झाला असेल तर बदला. पंप गळू लागला किंवा बेअरिंग आवाज करू लागलं तरच. झाकणाचं रबर आणि स्प्रिंग आधी तपासा, तो सगळ्यात स्वस्त पार्ट आहे.

फोन केला तर गॅरेजवाला म्हणाला, "तुमची गाडी आम्ही पाहिलीच नाही." पोलीस ठाण्यात गेलो तर हद्द दुसऱ्या ठाण्याची. सुट्टी टाकून, पेट्रोल जाळून दुसऱ्या ठाण्यात गेलो. दीड तास बाकावर बसवलं आणि सांगितलं, "हा दिवाणी मामला, बिल आणा." अहो, बिल दिलं नाही हीच तर तक्रार आहे! यूपीआयची पावती दाखवली, ओल्या रंगाचा डाग पडलेला रुमाल दाखवला. साहेबांनी मान वर करून पाहिलंसुद्धा नाही. ग्राहक हेल्पलाइनला तक्रार नोंदवली, तीन आठवड्यांनी मेसेज आला की समोरून उत्तर नाही, तक्रार बंद. चोर उत्तर देत नाही म्हणून तक्रार बंद? मग ही यंत्रणा कुणासाठी आहे?

आता जिल्हा ग्राहक आयोगात अर्ज करतोय. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तिथे फी नाही, मुदत दोन वर्षांची. पक्कं बिल घ्या, काम चालू असताना गाडीजवळून हलू नका, जुने पार्ट डिकीत टाकून आणा.

आईला अजून काही सांगितलेलं नाही. तिच्या ५,७५० मध्ये नवा रेडिएटर आला असंच ती सगळ्यांना सांगते.