विश्लेषणात्मक तत्त्वज्ञान आणि त्रैक्य: काही महिने वापरल्यानंतर

व्याख्या करा, विधानांना क्रमांक द्या, विसंगती शोधा. विश्लेषणात्मक तत्त्वज्ञानाची ही पद्धत ठाऊकच असेल, त्यात वेळ घालवत नाही. ती ख्रिस्ती श्रद्धेला लावून पाहिली. माझं घोडं अडलं ते त्रैक्यापाशी, म्हणजे एकाच देवात तीन व्यक्ती या शिकवणीपाशी.

पिता देव, पुत्र देव, पवित्र आत्मा देव. देव मात्र एकच. आता तत्त्वज्ञ लाइबनित्सचा नियम लावा: दोन गोष्टी खरंच एकच असतील, तर एकीबद्दल जे खरं ते दुसरीबद्दलही खरं. वधस्तंभावर मेला पुत्र, म्हणजे येशू ख्रिस्त; पिता नाही. म्हणजे दोघे वेगळे. मग देव एक कसा? चार ओळींत खेळ खलास. तत्त्वज्ञ पीटर गीच यांची तोड अशी की नुसतं 'एकच' म्हणायचंच नाही, एकच 'काय' ते सांगायचं: देव एकच, व्यक्ती वेगळ्या. ऐकायला झकास. पण त्यापायी लाइबनित्सचा नियमच मोडीत काढायचा? हा खर्च मला परवडत नाही.

ब्राउअर आणि रे या तत्त्वज्ञांनी २००५ मध्ये त्रैक्यासाठी खांबाचं उदाहरण दिलं. खांबातच पुतळा कोरलाय. दगड झिजला की पुतळा संपेल, खांब उभा राहील. म्हणजे दोन्ही अगदी एक नव्हेत. तरी मोजायला गेलं तर वस्तू एकच. हे पटत आलं होतं. पण देवात दगडाच्या जागी काय? तर म्हणे दैवी स्वरूप. ते काय असतं, हे विचारायला गेलं की पुन्हा पानंच्या पानं.

या रागात पद्धतीला एकच तारा देणार होतो. मग दुःखाचा प्रश्न वाचला. नास्तिक तत्त्वज्ञ मॅकी १९५५ मध्ये म्हणाले, सर्वशक्तिमान, भला देव आणि जगातलं दुःख एकत्र नांदूच शकत नाहीत. ख्रिस्ती तत्त्वज्ञ प्लांटिंगा यांनी १९७४ मध्ये दाखवलं की मुक्त माणसांकडून हमखास चांगलंच करून घेणं देवालाही जमणारं नसेल, मॅकींचं म्हणणं खोडायला एवढी शक्यता पुरते. बऱ्याच नास्तिकांनीही ते मान्य केलं. वाद थांबला नाही, पण पुढे सरकला: १९७९ मध्ये तत्त्वज्ञ रो यांनी वणव्यात भाजून दिवसेंदिवस तडफडणारं हरणाचं पाडस पुढे ठेवलं. विसंगती राहू द्या, हे दुःख कशासाठी ते सांगा. इथे मात्र पद्धतीने पैसे वसूल करून दिले. तीन तारे.

राहिले तर्कशास्त्रज्ञ बील. ख्रिस्त पूर्ण देव आणि पूर्ण मनुष्य, ही कॅल्सीडनच्या धर्मपरिषदेची इ.स. ४५१ची भूमिका. बील २०२१ मध्ये सरळ म्हणतात, यात विसंगती आहे आणि ती खरी आहे. आधी वैतागलो होतो. आता वाटतं, निदान किंमत उघड सांगितलीय. २०२३ मध्ये त्यांनी त्रैक्यालाही हेच लावलं. ते वाचायला घेतलंय. गीचना पुन्हा हात लावणार नाही.