मालवणच्या दमट हवेत लेपर्ड गेको: वर्षभराहून जास्त सांभाळल्यावर

लेपर्ड गेको, म्हणजे अंगावर ठिपके असलेली जमिनीवर राहणारी पाल, कशी पाळावी याबद्दल जे वाचायला आणि बघायला मिळतं, त्यातलं बहुतेक थंड मुलखात राहणाऱ्यांनी लिहिलेलं असतं. त्यांची सगळी काळजी उबेची: हीटर कोणता, दिवा किती वॅटचा, रात्री तापमान किती उतरू द्यायचं. आमच्या मालवणात ऊब बारा महिने असते. इथे मिळत नाही तो कोरडेपणा. माझी लेपर्ड गेको, हळदी, माझ्याकडे आल्यापासून दोन पावसाळे, एक हिवाळा आणि एक अख्खा मे महिना गेला, आणि या काळात जी काही मेहनत पडली त्यातली तीन चतुर्थांश तिचं घर कोरडं ठेवण्यात गेली. किनारपट्टीवर राहून पहिल्यांदाच असा जीव आणायचा विचार करणाऱ्यांसाठी हे सविस्तर लिहितेय.

ही जात मूळची अफगाणिस्तान, पाकिस्तान, इराणचा पूर्व भाग आणि भारताचा वायव्य कोपरा इथल्या कोरड्या, खडकाळ मुलखातली. शास्त्रीय नाव युब्लेफारिस मॅक्युलॅरियस. आपल्या भिंतीवरच्या पालीसारखे चिकटणारे तळवे हिला नसतात, साधी नखं असतात, त्यामुळे काचेवर चढता येत नाही. आणि हिला पापण्या असतात. आई सुरुवातीला त्या खोलीत पाऊल टाकायला तयार नव्हती. एका दुपारी तिने हळदीला दगडावर हनुवटी टेकून, डोळे मिटून झोपलेलं पाहिलं, आणि त्या दिवसापासून सकाळचं पाणी तीच बदलते. पूर्ण वाढीचा प्राणी साधारण २० ते २५ सेंटिमीटर भरतो आणि नीट सांभाळला तर १५ ते २० वर्षं जगतो. हा आकडा घरातल्या सगळ्यांना आधी सांगा. मुलाच्या हट्टापायी आणलेला प्राणी मूल शिकायला बाहेर गेल्यावरही घरातच असणार आहे.

कायद्याचं आधीच बोलते. महाराष्ट्र-गुजरातच्या रानात हिचीच एक चुलत बहीण राहते, युब्लेफारिस फस्कस. लोक तिला विषारी समजून मारतात, तिच्यात विषाचा थेंबही नसतो. रानात दिसली तर लांबून बघा आणि जाऊ द्या. रानातला प्राणी उचलून घरी आणणं हा विषयच नको. विकत घ्यायचा तो माणसाच्या देखरेखीत अंड्यातून निघालेलाच, पावती आणि पैदास करणाऱ्याचं लेखी पत्र यांसह. वन्यजीव संरक्षण कायद्यात २०२२ मध्ये दुरुस्ती झाली आणि कोणता प्राणी कुठल्या अनुसूचीत ते नव्याने मांडलं गेलं. परदेशी प्राण्यांच्या नोंदणीसाठी २०२४ चे वेगळे नियम आहेत. म्हणून पैसे देण्याआधी वनखात्याच्या कार्यालयात जाऊन, आपण घेतोय त्या जातीचं नाव सांगून विचारा. विक्रेता ‘काही लागत नाही हो’ म्हणाला तर तेवढ्यावर विसंबू नका.

आता घर. फिशटँक बनवणाऱ्याकडून ९० बाय ४५ सेंटिमीटरची काचेची पेटी करून घेतली. सोबत लोखंडी जाळीचं झाकण आलं. समुद्र आमच्यापासून हाकेच्या अंतरावर, त्यामुळे पहिल्या पावसाळ्यातच जाळीला गंज चढला आणि त्याची तांबडी भुकटी आत पडायला लागली. आता खिडक्या करणाऱ्याकडून अॅल्युमिनियमच्या चौकटीत फायबरची मच्छरजाळी बसवून घेतलीय. ती टिकली, स्वस्तही पडली. फक्त अशा जाळीवर किंवा तिच्या जवळ तापणारा दिवा ठेवायचा नाही, जाळी वितळेल.

तळाला वाळू नाही. सुटी वाळू किड्याबरोबर पोटात गेली तर आतडं तुंबू शकतं, नवख्याने त्या वाटेला जाऊच नये. नारळाचा भुसा आपल्याकडे हवा तेवढा मिळतो, पण जुलैत तो ओल धरतो आणि त्यावर बुरशी येते. चिऱ्याचा तुकडा दिसायला सुंदर, पण जांभा पाणी शोषून घेतो. सगळ्यात उत्तम ठरला काळा कडप्पा. पुसला की स्वच्छ, नखं घासायला जरा खरखरीत, आणि एकदा तापला की ऊब बराच वेळ धरून ठेवतो. लाइट गेली तरी पोटाखालचा दगड लगेच थंड पडत नाही, आणि वळवाच्या दिवसांत आमच्याकडे लाइट किती वेळा जाते ते इथे राहणाऱ्याला सांगायला नको.

पेटीच्या एका टोकाला काचेखाली हीट मॅट, म्हणजे विजेवर तापणारी पातळ चटई, आहे. ती थर्मोस्टॅटशिवाय (तापमान ठरल्या आकड्यावर राखणारं उपकरण) लावायची नाही, इथे काटकसर नको. थर्मोस्टॅटचा सेन्सर कडप्प्यावरच टेकवलेला असतो आणि त्या बाजूला दगडाचं तापमान ३२ अंशांच्या आसपास राहतं. दुसरं टोक शक्य तितकं थंड ठेवायचं, २५-२६ अंश. हा फरक हवाच, कारण शरीराचं तापमान ती जागा बदलूनच सांभाळते आणि अंगाला पुरेशी ऊब मिळाली तरच खाल्लेलं नीट पचतं. जानेवारीच्या रात्रीही आमच्याकडे फार थंडी पडत नाही, त्यामुळे थंडीने जीव धोक्यात येईल अशी रात्र मला दिसली नाही. भीती मे महिन्याची. खोली ३४ वर गेली की पेटीत थंड कोपराच उरत नाही. आमचं घर चिऱ्याचं आणि कौलारू. माजघराच्या जाड भिंती दुपारीही गार असतात, म्हणून एप्रिल ते जून पेटी माजघरात, जमिनीलगत. स्लॅबच्या घरात वरच्या मजल्यावर राहत असाल तर मे महिन्याची सोय आधी करा आणि मगच प्राणी आणा.

दमटपणा हा खरा विषय. पेटीतली सर्वसाधारण आर्द्रता ३० ते ४० टक्के असावी असं सगळीकडे सांगतात. जुलैत आमच्या खोलीत ती ८५ च्या वर असते. सतत ओल राहिली तर या प्राण्यांना छातीचा संसर्ग होतो: नाकपुडीपाशी बुडबुडे, तोंड उघडं ठेवून श्वास, घरघर. मी काय करते? पहिलं म्हणजे पावसाळ्यात हीट मॅट अखंड चालू. हवा तापली की तिची बाष्प धरायची ताकद वाढते, त्यामुळे तेवढंच बाष्प असूनही सापेक्ष आर्द्रता उतरते. २७ अंशांना ८५ टक्के असलेली हवा ३२ अंशांवर नेली की आकडा साधारण ६४ वर येतो. म्हणजे मॅट इथे ऊब देण्याहून जास्त सुकवायचं काम करते, आणि ‘कोकणात हीटर कशाला?’ या प्रश्नाचं उत्तरही हेच. दुसरं, वाऱ्याला आरपार वाट: पेटीच्या दोन्ही आखूड बाजूंना, एकीकडे खाली आणि एकीकडे वर, जाळीच्या पट्ट्या. गरम हवा वरून निघते, नवी खालून येते. तिसरं, पाण्याची वाटी लहान आणि कायम थंड टोकाला. फारच धो धो लागला तर खोलीतला एसी काही तास ड्राय मोडवर. एवढं करून उबदार टोकाला आकडा ५५ ते ६० वर थांबतो. चाळीस मला भर पावसात कधीच दिसले नाहीत, तरी दोन्ही पावसाळे हळदीला नाक-छातीचा त्रास झाला नाही.

हे सगळं अर्थात आर्द्रतामापक खरं बोलत असेल तरच. मी घेतलेला काट्याचा, गोल मापक एप्रिलमध्ये आणि जुलैमध्ये जवळपास तोच आकडा दाखवायचा. तपासायची युक्ती घरात आहे. बाटलीच्या झाकणात मीठ घ्या, त्यात थेंब थेंब पाणी घालून ओल्या वाळूसारखं करा (मीठ विरघळू द्यायचं नाही) आणि ते झाकण मापकासोबत हवाबंद डब्यात रात्रभर ठेवा. आतली हवा ७५ टक्क्यांवर येऊन स्थिरावते, तो मिठाचा गुणधर्मच आहे. सकाळी मापक ७० दाखवत असेल तर त्याच्या आकड्यात ५ मिळवायचे. काट्याचा मापक ५८ वर अडकला होता. आता दोन डिजिटल मापक आहेत, एकेका टोकाला एक, आणि दर दोन-तीन महिन्यांनी त्यांची मिठाची परीक्षा होते.

कात टाकायला मात्र हिला थोडी ओल लागतेच. त्यासाठी एक दमट बीळ द्यायचं असतं. बाजारात प्लास्टिकचे डबे मिळतात. मी कुंभाराकडचं छोटं मडकं आडवं ठेवलंय, आत ओला टिश्यू पेपर. ओल त्या मडक्यापुरतीच हवी, पेटीभर नको. ऑक्टोबर ते मे टिश्यू ओला; जुलै-ऑगस्टमध्ये कोरडाच ठेवते, तेव्हा हवेतलीच ओल पुरते. कात टाकायच्या आदल्या दिवशी पिवळा रंग जाऊन अंगावर पांढुरकी साय येते. मग ती नाक मडक्याच्या काठावर घासते, ओठापाशी कातडी सुटली की तोंडात धरून ओढत ओढत मागे नेते, मोजा काढावा तशी पायातून सोडवते आणि खाऊन टाकते. अर्ध्या तासात नवी हळद. नंतर आपण काम करायचं ते एवढंच: प्रत्येक बोट नीट बघायचं. बोटाला जुन्या कातडीचं कडं राहिलं तर रक्त अडतं आणि बोट गळू शकतं. तसं दिसलं तर कोमट पाण्यात पाय थोडा वेळ भिजवून कापसाच्या काडीने हळूच सोडवायचं. ओढायचं नाही.

खाणं फक्त जिवंत किडे. भाजी-फळ काही नाही. मी मीलवर्म (एका भुंग्याच्या अळ्या) घरीच वाढवते, कारण पावसाळ्यात कुरिअरने मागवलेल्या खोक्यातले निम्मे किडे मेलेले निघायचे. गव्हाचा कोंडा कढईत कोरडा भाजून, गार करून, पसरट ट्रेमध्ये पातळ थर. ओलाव्यासाठी गाजराची चकती, पण ती संध्याकाळी काढून टाकायची, नाहीतर कोंड्याला बुरशी आणि बारीक कोळीकीड लागते. मुंग्यांसाठी आजीचा उपाय: स्टँडचे पाय पाण्याच्या वाट्यांमध्ये. किडा प्राण्याच्या दोन डोळ्यांमधल्या अंतराहून जाड नको, आणि द्यायच्या आदल्या दिवशी त्यालाही चांगलं खाऊ घातलेलं असावं. वर कॅल्शियमची पूड, आठवड्यातून एकदा डी-३ आणि जीवनसत्त्वं असलेली. कॅल्शियम कमी पडलं तर हाडं मऊ होतात, जबडा आणि पाय वाकतात, आणि ते पुरतं भरून येत नाही. पूड छोट्याच डबीची घ्या. आपल्या हवेत मोठी डबी संपण्याआधी तिचा दगड होतो. पिल्लाला रोज, हळदीएवढ्या मोठीला दोन-तीन दिवसांआड.

अंगणातले नाकतोडे, दिव्यावर येणारे किडे देऊ नका, कितीही फुकट असले तरी. आंब्याला मोहोर आला की फवारण्या सुरू होतात, आणि कुठला किडा कुठल्या बागेतून आलाय हे कळायला मार्ग नाही. मे-जूनमध्ये तर जास्तच जपा, कारण तेव्हा काजवे असतात. काजव्याच्या अंगात विष असतं आणि एखादा खाऊनही पाळीव सरडे दगावल्याची नोंद आहे. त्या दिवसांत संध्याकाळी पेटीच्या खोलीचा दिवा लावण्याआधी मी खिडकी बंद करते.

ती उठते तिन्हीसांजेला. चिमट्यात किडा दिसला की मान उचलते, शेपटीचं टोक सापासारखं थरथरतं, एक झेप, आणि गिळून झाल्यावर दोन्ही डोळे मिटून जिभेने ओठ पुसते. शेजारच्या काकी पहिल्यांदा म्हणाल्या होत्या, “गो, पाल कित्याक पाळलंस? घरात काय कमी आसत?” आता दर शनिवारी नातवाला घेऊन येतात आणि “आज जेवली मा?” विचारतात. नातू लहान आहे, म्हणून तो काचेबाहेरूनच बघतो. या प्राण्यांच्या विष्ठेतून साल्मोनेला हा पोट बिघडवणारा जिवाणू पसरू शकतो. पाच वर्षांखालच्या मुलांच्या हाती देऊ नये आणि बाकी सगळ्यांनी हाताळल्यावर साबणाने हात धुवावेत. उचलताना खालून तळहात सरकवायचा, शेपटीला हात लावायचा नाही. घाबरली तर ती शेपूट टाकते. नवी येते, पण बुटकी आणि गुळगुळीत, आणि आधी साठवलेली सगळी चरबी गेलेली असते.

ती शेपूटच तब्येतीचा आरसा. मुळाशी मानेएवढी जाड असेल तर खाणंपिणं ठीक चाललंय. महिन्यातून एकदा स्वयंपाकघरातल्या डिजिटल काट्यावर डब्यात ठेवून वजन करते आणि वहीत लिहिते. सध्या ६२ ग्रॅम. वजन दोन महिने सलग उतरलं, शेपूट बारीक झाली किंवा विष्ठा पातळ आली तर घरगुती उपाय करत बसू नका. सरपटणाऱ्या प्राण्यांचे जाणकार डॉक्टर शोधायला आपल्याकडून मुंबई-पुणे गाठावं लागतं. म्हणून प्राणी आणण्याआधीच अशा एका डॉक्टरांशी फोनवर बोलून ठेवा, ताजी विष्ठा तपासणीसाठी कशी पाठवायची ते विचारून घ्या, आणि प्रवासासाठी भोकं पाडलेला, आत टिश्यू अंथरलेला डबा तयार ठेवा. घाट चढताना तो एसीच्या झोतासमोर नको, मांडीवर घ्या.