सोलापुरात बसून लाटांचे फोटो: हाउसिंग आठ महिने वापरल्यानंतर

"काय बे, सिद्धेश्वर तळ्यात लाटा यायला लागल्या का?" जानेवारीत हाउसिंगचं, म्हणजे कॅमेरा पाण्यात नेण्यासाठीच्या जलरोधक पेटीचं, खोकं घरी आलं, तेव्हापासून मित्रांचं हे चालूच आहे.

लाटांत उतरून सर्फिंगचे फोटो काढायचं खूळ डोक्यात शिरलं ते २०२४ च्या ऑलिंपिकमुळे. ताहितीच्या तेआहुपोला ब्राझीलचा सर्फर गॅब्रिएल मेदिना लाटेवरून हवेत उडालेला, हाताचं बोट वर, शेजारी बोर्डही तसाच उभा. जेरोम ब्रुइये यांचा तो फोटो सगळ्यांनीच बघितला असेल. तो त्यांनी होडीतून, कोरड्या अंगाने काढला होता, हे मात्र मला पैसे भरून झाल्यावर कळलं.

माझा संच असा: सोनी ए६४०० कॅमेरा, सॅमयांगची १२ एमएम मॅन्युअल (फोकस हाताने करायची) लेन्स आणि पॉलिकार्बोनेटची सेकंडहँड हाउसिंग, पुढे लेन्ससमोर ॲक्रिलिकचा डोम (पारदर्शक घुमट). लाटेत फोकस करत बसायला वेळच नसतो. म्हणून लेन्सचं छिद्र एफ/८ इतकं बारीक करून फोकस एक मीटरवर ठेवून रिंगला चिकटपट्टी मारून टाकली. अर्ध्या मीटरपासून पुढचं सगळं स्पष्ट येतं. शटर १/१२५० सेकंद, त्याहून हळू ठेवलं तर पाण्याचे थेंब ओघळल्यासारखे दिसतात.

सराव मित्राच्या मळ्यातल्या विहिरीत केला. तो काठावरून सूर मारायचा, मी पाण्यात हातभर अंतरावर. पहिल्या दिवशीच्या सगळ्या फोटोंत फक्त त्याच्या टाचा आहेत.

त्याच्याही आधी बादली. कॅमेरा न घालता हाउसिंगमध्ये टिश्यू पेपर ठेवायचा, झाकण लावायचं आणि अर्धा तास बुडवून ठेवायची. पहिल्याच चाचणीत टिश्यूचा कोपरा ओला! मी विकणाऱ्याला मनातल्या मनात शिव्या घातल्या. मग ओ-रिंग (झाकणाच्या फटीतून पाणी अडवणारी रबरी कडी) काढून खिडकीशी उजेडात धरली तर ग्रीसमध्ये एक पांढरी लव रुतलेली, पापणीच्या केसापेक्षाही बारीक. पाणी तिच्याच कडेने आत शिरलं होतं. हाउसिंग पुसायला मी कोरा टर्किश टॉवेल घेतला होता. आमच्या काकांचा टॉवेलचाच धंदा. ते म्हणाले, "अरे, नवा टॉवेल लव सोडणारच, आधी दोन-चारदा धुवायचा." टॉवेलच्या गावात राहून हे मला ठाऊक नसावं! आता ओ-रिंगसाठी आजोबांच्या जुन्या धोतराचा तुकडा वेगळा ठेवलाय. त्यानंतर एकदाही गळती नाही.

समुद्र गाठायला आपल्याला कोकणच हवं असं नाही. मुंबई-चेन्नई लाइन सोलापुरातूनच जाते. मी दोन्ही वेळा चेन्नईच्या दक्षिणेला असलेल्या कोवलमला गेलो (केरळातलं ते वेगळं). तिथे सूर्य समुद्रातून उगवतो. त्यामुळे सकाळी किनाऱ्यावरून काढाल तर सर्फर काळा ठिक्कर येतो, तोंडं दिसायला दुपार उलटावी लागते. पण सकाळीच पाण्यात उतरलात तर ऊन लाटेच्या पाठीमागून आरपार येतं आणि लाट हिरव्या बाटलीसारखी पेटते. सगळी धडपड त्याच्यासाठीच.

मार्चच्या फेरीत दहाव्या मिनिटाला डोम आतून धुरकटला. सोलापूरच्या कोरड्या हवेत हा प्रकार कधी झालाच नव्हता. तिकडची दमट हवा आत कोंडली आणि पाण्याने डोम गार पडला की आत दव धरणारच. जुलैत लॉजच्या एसी खोलीतच कॅमेरा बंद केला आणि सिलिका जेलच्या दोन पुड्या टाकल्या. फरक पडला. डोमवर बाहेरून थेंब साचतात, त्यावर जगभरचा उपाय एकच: थुंकी. चाटायचं, पाण्यात बुचकळायचं, फोटो काढायचा. आई म्हणते, "उष्टा कॅमेरा देवघरात आणू नकोस."

तक्रारी आहेत. शटरची कळ जड आहे, ए६४०० सेकंदाला ११ फोटो काढतो पण पहिला निघेपर्यंत लाट पुढे गेलेली असते. पाचव्या महिन्यात एका बटणाच्या स्प्रिंगवर गंज दिसला. डोमला वाळूचे चरे पडलेत. ॲक्रिलिक असल्याने ते पॉलिशने जातात, ही त्यातल्या त्यात बरी गोष्ट. समुद्रातून आल्यावर हाउसिंग गोड्या पाण्यात भिजत ठेवून एकेक बटण दाबावं लागतं, नाहीतर मिठाचे खडे आत बसतात. घरी आल्यावर पुन्हा एकदा. इथे नळ चार-पाच दिवसांनी येतो, आणि बोअरचं पाणी वापरलं तर डोमवर पांढरे डाग. म्हणून शेवटचा हात आरओच्या पाण्याचा. "कॅमेऱ्याला जारचं पाणी आणि आम्हाला बोअरचं?" हेही ऐकून घेतलंय.

घ्यावी का? लगेच नको. आधी ५५-२१० एमएमसारखी लांबचं जवळ आणणारी स्वस्त लेन्स घेऊन किनाऱ्यावर बसा. लाट कुठे फुटते, सर्फर कुठून वळतो, हे तिथूनच कळतं. इथे असाल तर हिप्परग्याच्या तलावावर उडत्या पक्ष्यांमागे कॅमेरा फिरवा, हात बसतो. आणि हाउसिंगच्या आधी पायात घालायचे फिन्स घ्या. मी उलटं केलं. मार्चमध्ये फिन्सशिवाय उतरलो, एकवीस मिनिटांत दमलो आणि तिथल्या एका पोराने मला त्याच्या बोर्डावर पालथं घालून किनाऱ्याला आणून सोडलं. त्या दिवशीचा एकमेव बरा फोटो त्यानेच काढलाय, माझा.