कॉलेजची पर्सनल नेटवर्क ड्राइव्ह: लॅबमध्ये बसणाऱ्यांनी वापराच

आमच्या इंजिनिअरिंग कॉलेजात प्रत्येक स्टुडंटला सर्व्हरवर स्वतःचं एक फोल्डर मिळतं, पण बऱ्याच पोरांना बीईला, म्हणजे शेवटच्या वर्षाला, येईपर्यंत त्याचा पत्ताच नसतो, म्हणून हा रिव्ह्यू टाकतेय. कोणी त्याला होम फोल्डर म्हणतं कोणी एच ड्राइव्ह, सोय तीच, त्यामुळे दुसऱ्या कॉलेजवाल्यांनाही उपयोग होईल.

माझं मत सरळ आहे, लॅबमध्ये काम करत असाल तर पेनड्राइव्हच्या भरवशावर राहू नका. लॅबचे पीसी डीप फ्रीझवर असतात, हे सॉफ्टवेअर पीसी दर वेळी पहिल्यासारखा करतं, त्यामुळे रीस्टार्ट झाला की डेस्कटॉपवर ठेवलेलं सगळं साफ, लाइट गेली तरी तेच. आणि पेनड्राइव्ह लावावा तर तो शॉर्टकटवाला व्हायरस, फोल्डर गायब आणि त्यांच्या जागी नुसते शॉर्टकट, सबमिशनच्या दिवसांत हे कोणा ना कोणाचं होतंच.

आता जोडायची कशी ते नीट सांगते कारण इथेच सगळे अडकतात. तुमच्या लॅबमध्ये स्वतःच्या पीआरएनने (विद्यापीठाच्या नोंदणी नंबरने) लॉगिन होत असेल तर ड्राइव्ह बहुतेक आपोआप दिसते. आमच्याकडे सगळ्यांना मिळून एकच स्टुडंट लॉगिन आहे, मग हाताने मॅप करावी लागते. धिस पीसी उघडा, मॅप नेटवर्क ड्राइव्ह घ्या, पत्त्यात दोन बॅकस्लॅश, सर्व्हरचं नाव, परत एक बॅकस्लॅश आणि आपल्या फोल्डरचं नाव. खाली दोन टिक असतात, त्यातली रीकनेक्टवाली काढा आणि डिफरंट क्रेडेन्शियल्सवाली करा. युजरनेम टाकताना नुसता पीआरएन नाही, आधी कॉलेजच्या डोमेनचं (कॉलेजच्या नेटवर्कचं) नाव, मग बॅकस्लॅश, मग पीआरएन. हे डोमेन टाकलं नाही तर पासवर्ड बरोबर असूनही विंडोज नाही म्हणू शकतं, आणि पोरं पासवर्ड बदलून घ्यायला सर्व्हर रूमच्या चकरा मारत बसतात! लॅबच्या भिंतीवर ही एवढी एक ओळ लावली तरी केवढा त्रास वाचेल, पण कोणी लावत नाही.

दुसरी भानगड म्हणजे एरर १२१९. त्याचा अर्थ एवढाच की या पीसीवरून त्याच सर्व्हरला आधीच दुसऱ्या कोणाच्या तरी नावाने कनेक्शन चालू आहे, म्हणजे तुमच्या आधी बसलेला ड्राइव्ह न तोडता उठून गेलाय. पीसी रीस्टार्ट करा, किंवा कमांड प्रॉम्प्टमध्ये नेट यूज, स्टार, स्लॅश डिलीट मारा. आणि हो, आपण उठतानाही हेच करायचं, विंडो बंद केली म्हणजे ड्राइव्ह बंद झाली असं नसतं, पुढे बसणाऱ्याला तुमचं सगळं फोल्डर उघडं राहतं, ब्लॅक बुकसकट (म्हणजे प्रोजेक्टचा फायनल रिपोर्ट). उबुंटूच्या लॅबमध्ये फाइल्समध्ये जाऊन सर्व्हरचा पत्ता एसएमबी, कोलन, दोन सरळ स्लॅश असा टाकायचा, पासवर्ड लक्षात ठेवू का विचारतं तिथे लगेच विसर हाच पर्याय निवडा.

स्पीड चांगली आहे, पण लॅबच्या स्विचवर, म्हणजे सगळे पीसी नेटवर्कला जोडणाऱ्या डब्यावर, बरंच अवलंबून. जुना १०० एमबीपीएसवाला असेल तर सेकंदाला ११-१२ एमबीच्या वर जात नाही. रिपोर्ट, पीपीटी, जर्नलचे प्रोग्रॅम यांना ते भरपूर झालं, पण नोड जेएसचा (वेब प्रोग्रॅमिंगचा) प्रोजेक्ट थेट ड्राइव्हवरून चालवायला जाऊ नका, त्यात हजारोंनी बारक्या फाइल्स असतात आणि प्रत्येकीसाठी सर्व्हरशी वेगळी बोलणी होतात, त्यामुळे जीव जातो. झिप करून डेस्कटॉपवर आणा, काम करा, जाताना परत झिप करून ठेवा.

मला सगळ्यात आवडलेली गोष्ट म्हणजे प्रीव्हियस व्हर्जन्स, म्हणजे फाइलच्या जुन्या कॉप्या. आमच्या ग्रुपमधल्या एकीकडून रिपोर्टवर चुकून जुनी फाइल चढली, रडकुंडीला आली होती बिचारी. फाइलवर राइट क्लिक, प्रॉपर्टीज, प्रीव्हियस व्हर्जन्स, आणि आदल्या दिवशीची कॉपी तिथे होती!! ही सोय सर्व्हरवर कोणीतरी चालू केलेली असावी लागते, आमच्या सिस्टिम अॅडमिन सरांनी केलीय, त्यांचे खरंच आभार मानायला हवेत. एक मात्र लक्षात ठेवा, नेटवर्क ड्राइव्हवरून डिलीट केलेली फाइल आपल्या रिसायकल बिनमध्ये जात नाही, ती गेलीच, मग याच कॉप्यांचा आधार.

तक्रार करायची तर होस्टेलच्या वायफायवरून ड्राइव्ह उघडत नाही. ही ड्राइव्ह ज्या वाटेने चालते ते पोर्ट ४४५ बाहेरून बंद ठेवलंय, २०१७ मध्ये वॉनाक्राय हा खंडणी मागणारा व्हायरस याच वाटेने पसरला होता त्यामुळे ते बरोबरच आहे, त्यावर माझं काही म्हणणं नाही. पण मग व्हीपीएन (बाहेरून कॉलेजच्या नेटवर्कमध्ये शिरायची सुरक्षित वाट) तरी द्या ना, स्टाफला आहे आणि पोरांना नाही, रात्री रूमवर बसून रिपोर्ट लिहिणाऱ्याने काय करायचं? कोटाही, म्हणजे प्रत्येकाला मिळणारी जागा, फारच कमी आहे, एमएलवाल्यांचा (मशीन लर्निंगवाल्यांचा) डेटासेट त्यात मावत नाही, त्यांनी विभागाच्या सर्व्हरवर जागा मागून घ्यावी, तिथल्या मॅडमना भेटलं की देतात.

पाचपैकी चार स्टार, व्हीपीएन दिलं की पाचवा. आणि बीईवाल्यांनो, नो ड्यूजच्या फॉर्मवर (काही देणं बाकी नाही याचा फॉर्म) सही झाली की आमच्याकडे अकाउंट बंद होतं, तेव्हा फॉर्म घेऊन फिरायच्या आधी सगळं स्वतःच्या हार्ड डिस्कवर उतरवून घ्या.