घशाशी येतंय: सकाळची गोळी की सातचा डबा?

मार्चअखेर जवळ आली की माझ्या घशाशी येऊ लागतं. ऑडिटच्या धंद्यातल्या निम्म्या लोकांचं हेच रडगाणं आहे, तेव्हा त्याचं कौतुक नको. तुम्ही डॉक्टरांकडे जाऊन आलात, छातीतली जळजळ हृदयाची नाही हे तपासून झालंय आणि तिखट-तळकटावरचं व्याख्यानही ऐकून झालंय, असं धरून चालतो. आता प्रश्न एवढाच, की रोज सकाळी पॅन्टोप्राझोलच्या कुळातली, आम्ल कमी करणारी गोळी घ्यायची, की रात्रीचं जेवण अलीकडे ओढायचं? मी दोन्ही करून बसलोय.

गोळीला नावं ठेवणार नाही. तिसऱ्या-चौथ्या दिवसापासून आंबट ढेकर बंद झाले आणि रात्री दोनला उठून बसणं थांबलं. एंडोस्कोपीत अन्ननलिकेला जखम दिसली असेल, तर पुढचं वाचूच नका. सांगितलेला कोर्स पूर्ण करा, बहुधा आठेक आठवड्यांचा असतो.

माझं बिनसलं ते गोळीशी नाही, तिच्या अर्ध्या तासाशी. ही गोळी जठरातले आम्ल सोडणारे पंप बंद करते, पण त्या वेळी चालू असलेलेच. पंप चालू होतात खाण्याने. म्हणून गोळी आधी, खाणं नंतर, मध्ये 30 ते 60 मिनिटं. कागदावर किती सोपं! मी राहतो बदलापूरला, उठतो सहाला, आणि सातच्या आसपासची गाडी चुकली तर दिवस गेला. त्या तासाभरात पाणी भरणं, आंघोळ, मुलीची वेणी (हो, माझ्याकडेच आहे) आणि चहा. चहा सहा वाजून दहा मिनिटांनी होतो, माझ्यासाठी वेगळा होत नाही. गोळी घेऊन त्या कपाकडे बघत बसायचं, नाहीतर गार चहा प्यायचा. मग शक्कल काढली: 5:20 चा गजर, गोळी, परत झोप. परत झोप लागायची नाही आणि गजराने घर उठायचं. चौथ्या दिवशी बायको म्हणाली, "तुमचं पित्त बरं होईल, माझं खवळतंय." त्यानंतर मी गोळी चहाबरोबरच घ्यायला लागलो. संध्याकाळपर्यंत पुन्हा जळजळ, आणि गोळीच लागू पडत नाही अशी तक्रार घेऊन मी डॉक्टरांपुढे! त्यांनी आधी चहाची वेळ विचारली.

दुसरी गोष्ट हळूहळू लक्षात आली. गोळी वेळेवर घेतलेल्या दिवशीही, साहेबांचा फोन येऊन गेला की छातीत चुरचुरायचंच. डॉक्टरांनी समजावलं ते पटलं: ताणाने आम्ल वाढतंच असं नाही, पण अन्ननलिका हळवी होते. तेवढंच आम्ल, पण जास्त झोंबतं. आणि ताणात आपण काय करतो? जेवण लांबवतो, घाईत पोटभर जेवतो, लगेच आडवे होतो. माझं जेवण रात्री साडेदहाला आणि झोप अकराला होती. ती वेळ कुठलीच गोळी बदलणार नव्हती.

म्हणून दुसरा डबा. दुपारचा वेगळा, हा संध्याकाळी सातला, कचेरीतच. दोन पोळ्या, दुधी किंवा पडवळाची भाजी, कधी मुगाची खिचडी. घरी आल्यावर नुसतं ताक. झोपेपर्यंत साडेतीन-चार तास मिळतात. दोन-तीन पुरतात म्हणे. शिवाय पलंगाच्या डोक्याकडच्या पायांखाली विटा ठेवल्या, सहा इंच उंची झाली. उशा वाढवून बघितल्या होत्या, त्यांनी पोटच दुमडतं. कुशीवर झोपायचं तर डावी.

आणि परतीच्या गाडीत, बसायला मिळालं तर, दहा मिनिटं पोटाने श्वास. हे मी थोतांड समजत होतो. पण अन्ननलिकेच्या खालच्या झडपेला श्वासपटलाचा (छाती आणि पोटाच्या मधल्या स्नायूचा) आधार असतो, आणि ऑस्ट्रियातल्या ग्राझमध्ये 2012 साली याच श्वसनाचा एक छोटासा अभ्यासही झालाय, निकाल चांगला होता. माझ्या बाबतीत पटल बळकट झालं की नुसतं डोकं शांत झालं, सांगता येणार नाही. कल्याण येईपर्यंत खांदे उतरलेले असतात, एवढं खरं.

डब्याचे तोटे? आहेत की. पहिले दोन आठवडे काहीच फरक नव्हता. गोळीसारखी जादू इथे नाही. घरच्यांबरोबरचं रात्रीचं जेवण गेलं, आणि ते मला अजून खुपतं. लग्नसराईत सगळं कोलमडतं. शिवाय कुणीतरी सकाळीच दोन डबे भरतं, तो हिशेब या तुलनेत धरायलाच हवा. आता दुसरा मीच भरतो, म्हणून भाज्या दोनच.

गोळी एका दिवसात सोडू नका मात्र. मी सोडली आणि आठवडाभर आधीपेक्षा जास्त जळलं. बरेच दिवस दाबून ठेवलेलं आम्ल उसळी मारतं. पुढच्या वेळी डॉक्टरांना विचारून, दिवसाआड करत उतरलो. मधल्या काळात अँटासिडचं गुलाबी औषध हाताशी होतं. ते तासभराचं पाहुणं, त्याची तुलना कशाशीच नको. गिळताना अडकतंय, वजन उतरतंय किंवा शौचाला काळं होतंय, तर डबा-गोळी दोन्ही बाजूला ठेवून आधी तपासणी.

तुमची सकाळ निवांत असेल, नाश्ता नऊला असेल, तर गोळी तुम्हाला कदाचित माझ्यापेक्षा बरी मानवेल. रात्रपाळीवाल्यांचं मला सांगता येणार नाही. माझ्या टेबलाच्या खणात अजून अर्धी पट्टी आहे, डॉक्टरांनी अडीनडीला ठेवायला सांगितलेली. या मार्चमध्ये तिच्यातल्या तीन गेल्या, तिन्ही शेवटच्या आठवड्यात, जेव्हा सातचा डबा मी पावणेदहाला उघडला होता.