‘ऋण आयन’ यंत्राच्या नावाखाली माझ्या वडिलांची झालेली फसवणूक

पुण्यातील आमच्या सोसायटीच्या सभागृहात मे महिन्याच्या अखेरीस हवेत ऋण आयन सोडणाऱ्या एका हवाशुद्धी यंत्राचे प्रात्यक्षिक झाले आणि दम्याचा जुना त्रास असलेल्या माझ्या वडिलांनी साडेअठरा हजार रुपये रोख मोजून ते यंत्र तेथेच विकत घेतले. असे विक्रेते पावसाळ्याच्या तोंडावर सोसायट्यांमधून फिरत असल्याने हा अनुभव सविस्तर लिहीत आहे.

वळवाच्या पावसाआधी हवेत धन आयन (आयन म्हणजे हवेतील विद्युतभारित सूक्ष्म कण) वाढतात व त्यामुळेच धाप लागते, उलट आंबोलीच्या धबधब्यापाशी ऋण आयन भरपूर असल्याने तेथे मोकळे वाटते, अशी विक्रेत्या गृहस्थांची मांडणी होती. ‘काका, महिन्याभरात तुमचा पंप सुटेल,’ असे त्यांनी वडिलांना सर्वांसमक्ष सांगितले. हे वाक्य मला पैशांच्या नुकसानीपेक्षा कितीतरी गंभीर वाटते, कारण त्यावर विश्वास ठेवून वडिलांनी डॉक्टरांना न विचारता दम्याच्या औषधाचा पंप घेणे कमी केले होते.

या बोलण्यात खऱ्या विज्ञानाचा अंश आहे आणि म्हणूनच सुशिक्षित माणसेही त्याला बळी पडतात. जमिनीतून झिरपणारा किरणोत्सारी रेडॉन वायू, माती-खडकांतील किरणोत्सार आणि अवकाशातून येणारे वैश्विक किरण यांच्यामुळे हवेत सतत आयन तयार होत असतात. यांपैकी वैश्विक किरणांचा पुरावा व्हिक्टर हेस यांनी १९१२ मध्ये बलून उड्डाणांतून मिळवला. वारा पडलेल्या रात्री रेडॉन जमिनीलगत साचतो व पहाटेपर्यंत आयन वाढतात, ऊन तापून हवा वर-खाली मिसळू लागली की ते विरळ होतात. सांगली जिल्ह्यातील रामानंदनगर येथे अशा दैनंदिन व ऋतूंनुसार होणाऱ्या बदलांचा अभ्यासही झालेला आहे. फुटणाऱ्या पाण्याच्या तुषारांतून ऋण आयन निर्माण होतात, हे भौतिकशास्त्रज्ञ लेनार्ड यांनी १८९२ मध्येच दाखवले होते.

येथपर्यंत सारे खरे आहे. मात्र लहान आयन स्वच्छ हवेतही एक-दोन मिनिटांपलीकडे टिकत नाहीत आणि धूळ किंवा धूर असला की त्या कणांना चिकटून त्याहून लवकर नाहीसे होतात. उदबत्ती लावलेल्या किंवा फोडणीचा धूर भरलेल्या घरात आयन कमी आढळतात ते याच कारणाने. म्हणजे आयन घटणे हा दूषित हवेचा परिणाम आहे, आजाराचे कारण नव्हे, आणि नेमकी हीच उलटापालट विक्रेत्याने केली. वादळी हवेत दमा बळावू शकतो हे खरे आहे; २१ नोव्हेंबर २०१६ रोजी मेलबर्नमध्ये वादळानंतर हजारो लोकांना श्वासाचा त्रास होऊन दहा जण दगावले. परंतु त्याचे कारण ओलाव्याने फुटलेले गवताचे परागकण हे होते. आयन यंत्रांमुळे दम्यात लक्षणीय सुधारणा होत नाही, असा वैद्यकीय संशोधनाचे एकत्रित आढावे घेणाऱ्या कॉक्रेन या संस्थेच्या आढाव्याचा निष्कर्ष आहे.

प्रात्यक्षिकातील बरणीकडे विशेष लक्ष द्यावे. काचेच्या झाकणबंद बरणीत उदबत्तीचा धूर भरून यंत्राची सुई आत सोडली की धूर काही क्षणांत दिसेनासा होतो आणि टाळ्या पडतात. प्रत्यक्षात धुराचे कण विद्युतभारित होऊन काचेच्या आतील बाजूस चिकटलेले असतात. बोट फिरवले असते तर तेलकट पिवळसर थर हाताला लागला असता, परंतु बरणी कोणाच्याही हाती दिली गेली नाही. आयन मोजणारा मापकही सुईच्या तोंडाशीच धरला होता, खोलीच्या दुसऱ्या टोकाला कधीच नेला नाही. आमच्या घरी यंत्रामागच्या भिंतीवर काळा ओघळ उमटला, खोलीत झेरॉक्सच्या दुकानासारखा उग्र वास येऊ लागला आणि वडिलांचा खोकला वाढला. उच्च विद्युतदाबाच्या विसर्गातून आयनांबरोबर ओझोन हा उग्र वासाचा वायूही निर्माण होतो आणि दम्याच्या रुग्णाला तो घातक ठरतो. कॅलिफोर्नियात अशा यंत्रांमधून निघणाऱ्या ओझोनवर ०.०५० पीपीएम (हवेच्या दहा लाख भागांतील भाग) ही कायदेशीर मर्यादा आहे; आमच्या यंत्राच्या खोक्यावर ओझोनचा उल्लेखही नव्हता. डॉक्टरांनी ते यंत्र तत्काळ बंद करायला लावून पंप पूर्ववत सुरू केला.

पैसे परत मागितले तेव्हा पावतीवर ‘शोभेचा दिवा’ असे लिहिलेले असल्याचे विक्रेत्याने दाखवले आणि आरोग्याबाबत आपण काहीच लिहून दिलेले नाही असे सांगितले. त्यानंतर त्याचा फोन बंद आहे. सुदैवाने एका शेजाऱ्यांनी प्रात्यक्षिकाचे चित्रीकरण केले होते व त्यात पंपाविषयीचे वाक्य स्पष्ट ऐकू येते. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर आम्ही तक्रार नोंदवली असून ते चित्रीकरण, खोके आणि भिंतीची छायाचित्रे जोडून जिल्हा ग्राहक आयोगाकडे अर्ज करत आहोत. पाच लाख रुपयांपर्यंतच्या खरेदीबाबतच्या तक्रारीला तेथे शुल्क लागत नाही, मात्र ती दोन वर्षांच्या आत करावी लागते. ज्यांनी असेच यंत्र घेतले असेल त्यांनी ते मोडीत देऊ नये, खोक्यासह जपून ठेवावे.