जुनी डिझेल गाडी घेताय? स्कॉर्पिओ, डस्टर आणि ब्रेझाची इंजिनं शेजारी-शेजारी

कापसाचे चुकारे हातात पडले की आमच्याकडे जुन्या गाड्यांची विचारपूस सुरू होते. डिझेल हवी, थोडी उंच हवी, पावसाळ्यात पांदणीतून निघायला हवी. यवतमाळ, वर्धा, वाशीमकडे अशा गिऱ्हाइकापुढे तीन नावं हमखास येतात : स्कॉर्पिओ, डस्टर आणि व्हिटारा ब्रेझा. सीट, स्क्रीन आणि अलॉय चाकांवर सगळे बोलतात. पुढची पाच वर्षं पैसा खाणार की वाचवणार, हे मात्र इंजिन ठरवतं. म्हणून इथे फक्त इंजिनाबद्दल.

तिन्ही इंजिनं बीएस-४ (गाड्यांच्या धुराबद्दलच्या सरकारी नियमांचा आधीचा टप्पा) काळातली आहेत आणि खेड्यात राहणाऱ्यासाठी ही जमेची बाजू आहे. एप्रिल २०२० पासूनच्या बीएस-६ डिझेल गाड्यांत काजळी अडवणारा डीपीएफ फिल्टर असतो. अडकलेली काजळी जळायला गाडी अधूनमधून सलग, बऱ्या वेगाने पळावी लागते. रोजचं धावणं गाव ते तालुका एवढंच असेल, तर तो फिल्टर तुंबतो आणि डॅशबोर्डवर दिवा लागतो. बीएस-६ आलं तेव्हा मारुती आणि रेनॉ या दोघांनीही डिझेल बंद केलं. म्हणजे सगळ्यात तरुण डिझेल ब्रेझा किंवा डस्टरही २०२० च्या सुरुवातीची. वय झालेलं इंजिन घेतोय हे धरूनच निवड करायची.

आकडे आधी उरकून घेऊ. स्कॉर्पिओचं एमहॉक २१७९ सीसीचं, चार सिलिंडरचं; १२० बीएचपी ताकद आणि १८०० ते २८०० आरपीएमच्या पट्ट्यात २८० न्यूटन-मीटर टॉर्क. नोव्हेंबर २०१७ नंतर वरच्या मॉडेलांना १४० बीएचपी आणि ३२० न्यूटन-मीटर मिळाले. त्याच वेळच्या एस-३ मॉडेलमध्ये मात्र २५२३ सीसीचं जुन्या धाटणीचं, ७५ बीएचपीचं इंजिन आहे. नाव स्कॉर्पिओच, पण गाडी वेगळी समजा. डस्टरचं इंजिन १४६१ सीसीचं, के-९-के घराण्यातलं. ते दोन रूपांत येतं : ८५ पीएस (जवळपास बीएचपीच समजा) आणि २०० न्यूटन-मीटर, किंवा ११० पीएस आणि साधारण २४५ न्यूटन-मीटर. ब्रेझाचं १२४८ सीसी, ९० पीएस आणि १७५० आरपीएमला २०० न्यूटन-मीटर. हे मूळचं फियाटचं मल्टीजेट. स्विफ्ट, डिझायर, अर्टिगा यांच्यातही याच घराण्याचं इंजिन होतं. आकड्यांत स्कॉर्पिओ पुढे दिसते, पण ती बाकी दोघींपेक्षा पाच-सहाशे किलो जड आहे. त्यामुळे रस्त्यावर ११० वाली डस्टर तिच्या मागे पडत नाही, आणि डिझेल बरंच कमी पिते.

डस्टरबद्दल थोडं जास्त लिहितो, कारण फसगत इथेच होते. गाडी मुळात उत्तम आहे. २०५ मिमीचा क्लिअरन्स, खड्डे पचवणारं सस्पेन्शन आणि लांबच्या रस्त्यावर कमी खर्चाचं इंजिन. पण व्हॉल्व्हची उघडझाप पिस्टनच्या चालीशी जुळवायला या इंजिनात टायमिंग चेन नाही, रबरी बेल्ट आहे. तो चालू गाडीत तुटला, तर पिस्टन व्हॉल्व्हवर आदळतात आणि हेड (इंजिनाचा वरचा, व्हॉल्व्ह असलेला भाग) उतरवावं लागतं. बेल्ट किलोमीटरने म्हातारा होतो तसा वर्षांनीही होतो. सात वर्षांत चाळीस हजारच चाललेली डस्टर ‘कमी चाललेली’ म्हणून महाग विकतात. तिचा बेल्ट पहिलाच असेल तर तो तितकाच धोक्याचा. बेल्ट बदलल्याचं बिल दाखवता आलं नाही, तर तो बदललेला नाही असंच धरा आणि किंमत त्या हिशोबाने पाडून मागा. बदलताना टेन्शनर (बेल्ट ताणून धरणारा भाग) आणि पाण्याचा पंपही बदलून घ्या. पंप त्याच बेल्टवर फिरतो. तो जाम झाला तर नवा बेल्टही जाईल.

के-९-केचं दुसरं दुखणं म्हणजे कनेक्टिंग रॉडचे मोठ्या टोकाचे बेअरिंग. युरोपात याच घराण्याच्या जुन्या इंजिनांत, लांब-लांब अंतराने ऑइल बदलण्याच्या सवयीमुळे, ते झिजून इंजिनं बसल्याची उदाहरणं भरपूर आहेत. आपल्याकडे ऑइल लवकर बदलायला सांगतात, पण सांगणं वेगळं आणि बदलणं वेगळं. ऑइल फिल्टर उघडून त्यात चकाकणारा चुरा दिसतो का, ते बघायला मिस्त्रीला सांगा. दिसला तर ती गाडी सोडा. दिसला नाही, पण दीड लाखाच्या पुढे चाललेली असेल, तर घेतल्यावर चेंबर (इंजिनाखालचं ऑइलचं भांडं) खोलून बेअरिंग बघता येतात. इंजिन बाहेर न काढता खालूनच ते बदलताही येतात, आणि वेळेवर केलं तर हा खर्च इंजिन बांधण्याच्या खर्चापुढे काहीच नाही. ऑल-व्हील ड्राइव्हवाली डस्टर २०१४ पासून आली. पावसाळ्यात काळ्या मातीत ती खरंच वेगळी ठरते, पण मागच्या चाकांचा सगळा पसाराही सोबत येतो आणि तो जाणणारा माणूस तालुक्याला सापडत नाही.

ब्रेझाच्या इंजिनात चेन आहे, म्हणून लोक निर्धास्त होतात. ही चेन बारीक आहे आणि तिचं आयुष्य पूर्णपणे ऑइलवर आहे. इंजिनात ऑइल मावतं जेमतेम तीन लिटर. एक लिटर कमी झालं, तर तिसरा हिस्सा गेला. ऑइल उशिरा बदललं, हलकं वापरलं, की चेन ताणते आणि टेन्शनर ढिला पडतो. थंड इंजिनाला सेल मारल्यावर पहिली काही सेकंदं खडखड येते आणि मग आवाज दबतो, ती ताणलेल्या चेनची खूण. विकणारा ‘डिझेल आहे, आवाज येणारच’ म्हणेल. डिझेलची टकटक सारखी येत राहते. ही खडखड गाडी गरम झाली की कमी होते. चेनने दाता सोडला तर इथेही रॉकर तुटतात, व्हॉल्व्ह जातात. ही एक गोष्ट सांभाळली तर या तिघांत सगळ्यात स्वस्त पडणारं इंजिन हेच आहे. कंपनीचा दावा लिटरला २४.३ किलोमीटरचा होता. तेवढे नाहीत, पण सतरा-अठरा सहज मिळतात. आणि हे इंजिन इतक्या गाड्यांत बसलंय की दारव्हा, हिंगणघाट, मूल अशा कुठल्याही तालुक्याला त्याचा सराव असलेला मिस्त्री भेटतो.

स्कॉर्पिओच्या एमहॉकलाही चेन आहे, आणि इंजिनाच्या खालच्या भागाच्या तक्रारी कमी. त्रास वरच्या बाजूला येतो. थोडा धूर परत इंजिनात सोडणाऱ्या ईजीआर व्हॉल्व्हमध्ये काजळी बसते. इंजिनात हवा दाबून भरणाऱ्या टर्बोच्या आतल्या हलणाऱ्या पात्या त्याच काजळीने अडकतात. व्हॅक्यूमच्या नळ्या उन्हाने कडक होऊन तडकतात आणि इंटरकूलरचा होज पाइप फाटतो. सगळ्यांची खूण एकच, पिकअप मेलं आणि काळा धूर आला. म्हणून ‘टर्बो गेला’ ऐकलं की लगेच टर्बो बदलू नका. आधी नळ्या आणि होज बघा, मग ईजीआर साफ करा; कित्येकदा काम तिथेच संपतं. स्कॉर्पिओचं खरं ओझं डिझेलचं. लिटरला अकरा-बारा, फार तर तेरा. वर्षाला वीस हजार किलोमीटर चालवणाऱ्याने ब्रेझाशी तुलना केली, तर वर्षाकाठी पाचशे-सहाशे लिटरचा फरक पडतो. हा हिशोब घ्यायच्या आधी कागदावर मांडा.

तिन्ही इंजिनांचा आपल्याकडचा मोठा शत्रू मात्र पाणी आहे. अकोला, अमरावती, बुलडाण्याच्या खारपाणपट्ट्यात लोक रेडिएटरमध्ये बोअरचं पाणी ओततात. तिन्ही इंजिनांची हेड ॲल्युमिनियमची आहेत. खारं पाणी ते आतून खातं, रेडिएटरच्या नळ्यांत क्षार धरतो, आणि मे महिन्यात पंचेचाळीस अंशांत चढावर एसी लावला की काटा वर जातो. मग हेडखालचं गॅसकेट जातं. इंजिन पूर्ण थंड असताना कूलंटचं झाकण उघडा. हिरवा किंवा गुलाबी कूलंट दिसायला हवा. गढूळ, तांबूस पाणी किंवा झाकणाला पांढरी खपली दिसली, तर त्या मालकाने गाडी कशी वापरली ते कळलं. वरती तेलाची साय तरंगत असेल, तर तिथूनच परत फिरा.

दुसरा शत्रू ड्रममधलं डिझेल. ट्रॅक्टरसाठी घरी साठवलेल्या ड्रममध्ये ओल धरते, तळाला पाणी आणि गाळ बसतो. जुना ट्रॅक्टर ते चालवून घेतो. ही तिन्ही इंजिनं मात्र कॉमन रेल, म्हणजे एकाच नळीतून सगळ्या नोझलना डिझेल देणारी; त्यांत डिझेल हजार बारच्याही वरच्या दाबाने फवारलं जातं. त्या नोझलना आणि पंपाला पाण्याचा थेंबही सोसत नाही. चारही नोझल गेले, तर जुन्या गाडीच्या किमतीचा मोठा तुकडा त्यातच जातो. विकणाऱ्याकडे ट्रॅक्टर असेल, तर गाडीत डिझेल कुठून भरायचा हे सरळ विचारा.

गाडी बघायला सकाळी लवकर जा, आणि आधी सांगून ठेवा की सेल मारू नका. पोचल्यावर बोनेटला हात लावा. कोमट लागलं तर मुद्दाम गरम करून ठेवलीय. थंड इंजिनाला सेल मारून आवाज ऐका, धूर बघा. निळा धूर म्हणजे ऑइल जळतंय. पांढरा धूर गरम झाल्यावरही थांबत नसेल तर कूलंट आत शिरतोय. मग इंजिन चालू असताना ऑइल भरायचं झाकण ढिलं करून वर नुसतं ठेवा. थोडं थरथरणं चालतं; झाकण उडत असेल, भकाभका धूर येत असेल, तर पिस्टनच्या रिंगा गेल्यात. एअर फिल्टर काढून त्याच्या पुढच्या पाइपात बोट फिरवा. बोटाला माती लागली तर धूळ इंजिनात जात होती. वणी, घुग्घूसकडच्या खाणीत भाड्याने चाललेल्या गाड्यांत हे विशेष बघा.

माझं मत असं. घरात सहा-सात माणसं, वावरापर्यंत कच्चा रस्ता आणि मिस्त्री गावातलाच असेल, तर १२० बीएचपीची स्कॉर्पिओ घ्या, डिझेलचा खर्च मान्य करून. चार माणसं आणि रोजचं धावणं डांबरी रस्त्यावर असेल, तर ब्रेझा. डस्टर फक्त दोन अटींवर : बिलांची फाइल पूर्ण हवी, आणि नागपूर किंवा अमरावतीला महिन्यातून तुमची फेरी असायला हवी. बोलेरोचं कुणी विचारेल म्हणून सांगतो : तीन सिलिंडरचं १४९३ सीसी इंजिन साधं आणि टिकाऊ आहे, ओझं वाहायला चांगलं, पण समृद्धी महामार्गावर शंभरच्या वेगाने तासन्‌तास चालवायची ती गाडी नाही.

दिल्लीहून आलेल्या स्वस्त गाड्यांबद्दलही सांगायला हवं. तिकडे दहा वर्षांपेक्षा जुन्या डिझेल गाड्यांवर बंदीचे आदेश झाले, म्हणून त्या आपल्याकडे कमी भावात येतात. एनओसी (तिकडच्या आरटीओचा ना-हरकत दाखला), महाराष्ट्राचा रोड टॅक्स आणि नव्या नंबरचा खर्च धरल्यावर स्वस्ताई बरीच उतरते. स्कॉर्पिओ असेल तर आरसी बुकात सीसी वाचा. दिल्लीत २००० सीसीवरच्या डिझेल गाड्यांची नोंदणी बंद होती, तेव्हा २०१६ मध्ये महिंद्राने तिथे १.९९ लिटरचं एमहॉक विकलं. ताकद तेवढीच, पण पार्ट मागवताना २.२ चा नंबर सांगाल तर चुकीची पेटी घरी येईल.